अणुगर्भाची साक्ष

नभोवाणीवरून शास्त्रीय विषयावर बोलण्याचा अधिकार वास्तविक प्राध्यापकांचा. मी पडलों एक सेवानिवृत्त शाळामास्तर, आणि तोहि मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेला. तरीहि आजचा विषय मीं आपण होऊन निवडला, याला कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती आधीं सांगतों.

बऱ्याच वर्षांपूर्वीं मी वरच्या वर्गांना पदार्थविज्ञान शिकवीत असें. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. दोऱ्याला बांधलेला शिशाचा गोळा, एक मोजपट्टी आणि सेकंदकाट्याचें एक घड्याळ. एवढ्या सामग्रीवर लंबकाचे हेलकावे मोजून गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग काढावयाचा. पुस्तकांतला आंकडा ९८०. एका मुलाचें उत्तर आलें ९४३. मीं त्याच्या वहींत लाल रेघ ओढली आणि गुण कापले. पुढच्या खेपेस त्याच मुलानें ९७९ हा आंकडा आणला, तेव्हां मीं त्याची पाठ थोपटली. कित्येक वर्षांनीं तो मोठा झालेला मुलगा मला भेटावयास आला आणि हंसत हंसत म्हणाला, "गुरुजी, तें ९४३ मीं खरोखर मोजलें होतें. ९७९ मात्र पुस्तक पाहून लिहिलें."

त्या वाक्यानें माझी झोंप उडाली. मोजलेल्या आंकड्याला मीं शिक्षा केली होती आणि नकललेल्या आंकड्याला शाबासकी दिली होती. त्यानंतर, मोठीं माणसें अशा प्रसंगीं कशीं वागलीं हें शोधीत असतांना मला अणुगर्भाच्या इतिहासांतील एक प्रकरण सांपडलें. तेथेंहि गणित आणि माप यांत थोडें अंतर पडलें होतें; पण तेथें कोणीं लाल रेघ ओढली नाहीं. तें प्रकरण आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

अणूच्या मध्यभागीं जो गर्भ असतो, तो प्रोटॉन व न्यूट्रॉन या दोन प्रकारच्या कणांचा बनलेला असतो. त्याचा आकार किती लहान? एका मीटरचे एक कोटि भाग करावे, त्यांतील एकाचे पुन्हां दहा कोटि भाग करावे; अशा कांहीं थोड्या भागांत तो मावतो. इतक्या लहान वस्तूच्या आंत काय चाललें आहे, हें डोळ्यांनीं पाहणें अशक्य. मग तें ओळखावयाचें कसें? कुंभाराकडे मडकें घेतांना आपण काय करतों? बोटानें तें वाजवून पाहतों. नादावरून मडकें पक्कें कीं कच्चें, अखंड कीं तडा गेलेलें, हें कळतें. अणुगर्भाचेंहि तसेंच आहे. त्याला धक्का बसला म्हणजे तो वरच्या स्थितींत जातो, आणि खालच्या स्थितींत उतरतांना पुष्कळदां गॅमा किरण बाहेर टाकतो. हा गॅमा किरण म्हणजे प्रकाशच. मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या लक्षावधि पट शक्तीचा. या उतरण्याला विद्युच्चुंबकीय संक्रमण म्हणतात.

या साक्षीला विशेष मोल आहे. अणुगर्भांतील कण ज्या बलानें एकमेकांस धरून ठेवतात, त्या बलाचे नियम अत्यंत गुंतागुंतीचे. परंतु विद्युत् आणि चुंबकत्व यांचे नियम मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या काळापासून उत्तम ठाऊक आहेत. म्हणून प्रकाश जी बातमी आणतो, तिच्या अर्थाविषयीं संशय उरत नाहीं. शिवाय गर्भ हलका असला, म्हणजे त्यांत दोन, तीन, चार किंवा आठच कण असले, तर गणितहि चोख करतां येतें. साक्षीदार खरा, आणि हिशेब थोडक्या रकमांचा. मग उत्तर चुकलें तर सबब सांगण्यास जागा राहत नाहीं.

या कथेचा आरंभ १९३४ सालीं केंब्रिज येथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत झाला. दोनच वर्षांपूर्वीं, १९३२ मध्यें, तेथें जेम्स चॅडविक यांनीं न्यूट्रॉनचा शोध लावला होता. त्याच सुमारास अमेरिकेंत यूरी यांनीं जड हायड्रोजन शोधून काढला. साध्या हायड्रोजनच्या गर्भांत एकटा प्रोटॉन असतो. जड हायड्रोजनच्या गर्भांत एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन अशी जोडी असते. या जोडीला ड्यूटेरॉन म्हणतात. संसार म्हणतां येईल असा हा सर्वांत लहान अणुगर्भ.

जर्मनींतील ज्यूंच्या छळामुळें १९३३ सालीं देश सोडून आलेला मॉरिस गोल्डहाबर नांवाचा एक तरुण तेव्हां केंब्रिजमध्यें विद्यार्थी होता. वय अवघें तेवीस. त्यानें चॅडविकना सुचविलें कीं, थोरियमपासून निघालेल्या एका पदार्थाचे गॅमा किरण चांगले जोरदार आहेत. त्यांचा मारा करून ड्यूटेरॉनची जोडी फोडून पाहावी. चॅडविक यांनीं प्रथम फारसें लक्ष दिलेलें दिसलें नाहीं. पण कांहीं आठवड्यांनीं त्यांनींच त्या तरुणाला, प्रयोग यशस्वी होऊं लागला आहे असें सांगून, बरोबर काम करण्यास बोलाविलें. गुरूनें कल्पनेचें श्रेय शिष्याला देऊन त्याचें नांव आपल्या नांवाशेजारीं छापलें, ही गोष्ट आम्हां मास्तरांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

या प्रयोगाचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि समजेल इतका सोपा आहे. त्या गॅमा किरणाची शक्ति २.६२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. इलेक्ट्रॉन-व्होल्ट हें अणुविज्ञानांतील शक्तीचें लहानसें नाणें समजावें. जोडी फोडण्यास यांतील कांहीं भाग खर्च होतो. उरलेला भाग फुटून निघालेले प्रोटॉन व न्यूट्रॉन जवळजवळ सारखा वांटून घेतात. प्रोटॉनची गति मोजली कीं खर्च किती झाला तें कळतें. आज हा खर्च २.२२ दशलक्ष ठरला आहे. २.६२ मधून तो वजा केला तर ०.४० उरतात आणि प्रत्येकाच्या वाट्यास ०.२० येतात.

या वजाबाकींतून केवढें मोठें फळ निघालें पाहा! आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणें शक्ति आणि वस्तुमान हीं एकच. तेव्हां ड्यूटेरॉनचें वजन, प्रोटॉनचें वजन आणि जोडी फोडण्याचा खर्च हीं तीन ठाऊक झालीं कीं न्यूट्रॉनचें वजन आपोआप निघतें. त्यापूर्वीं न्यूट्रॉन म्हणजे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांची घट्ट मिठी असावी असा समज होता, आणि तसें असतें तर त्याचें वजन हायड्रोजनच्या अणूहून कमी भरलें पाहिजे होतें. नव्या मापानें तें जास्त भरलें. आजचे आंकडे असे: हायड्रोजन अणु १.००७८३, न्यूट्रॉन १.००८६६. अर्थात् न्यूट्रॉन हा स्वतंत्र कण ठरला. इतकेंच नव्हे, तर एकटा सोडल्यास तो मोडून पडेल, असेंहि दिसून आलें. सुट्या न्यूट्रॉनचें सरासरी आयुष्य सुमारें पंधरा मिनिटें असतें, हें पुढें प्रयोगानेंहि सिद्ध झालें.

आतां सिद्धांताची बाजू. हान्स बेथे आणि रूडॉल्फ पायर्ल्स हे दोघे तरुण गणिती तेव्हां इंग्लंडमध्यें होते. चॅडविकनीं त्यांना या प्रयोगाचें गणित करून दाखविण्याचें जणुं आव्हानच दिलें, आणि केंब्रिजहून मँचेस्टरला परततांना आगगाडींतच त्यांनीं तें बरेंचसें सोडविलें, असें सांगतात. त्यांचा निबंध १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. प्रकाशानें जोडी फुटते. मग उलट दिशेनें, मंद गतीचा न्यूट्रॉन प्रोटॉनला येऊन मिळाला तर जोडी जमून प्रकाश बाहेर पडला पाहिजे. हें उलट संक्रमण मुख्यतः चुंबकीय स्वरूपाचें आहे, हें त्याच वर्षीं एन्रिको फर्मी यांनीं दाखविलें. प्रोटॉन व न्यूट्रॉन हे दोन्ही लहानसे चुंबक आहेत. ते एकमेकांकडे पाठ करून, म्हणजे विरुद्ध फिरकीनें, येतात. एकाची फिरकी उलटते, दोघे एका दिशेला होतात, आणि त्या उलटण्यांत २.२२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा गॅमा किरण सुटतो.

असें मीलन किती वेळां घडतें, हें सांगण्याची शास्त्रज्ञांची रीत मजेची आहे. नेमबाजापुढें लक्ष्य जितकें मोठें, तितके नेम अधिक लागावयाचे. म्हणून प्रोटॉन त्या न्यूट्रॉनला केवढें लक्ष्य वाटतो, तें क्षेत्रफळ ते सांगतात. त्या क्षेत्रफळाच्या मापाला बार्न असें नांव आहे. हें नांव १९४२ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाच्या दोघा शास्त्रज्ञांनीं थट्टेनें सुचविलें. बार्न म्हणजे शेतावरचें धान्याचें कोठार. अणुगर्भाच्या मानानें हें क्षेत्रफळ कोठाराच्या भिंतीएवढें मोठें, हा त्यांतला विनोद. बार्नचा हजारावा भाग तो मिलिबार्न.

येथून आपल्या प्रकरणाचा गाभा सुरू होतो. प्रोटॉनच्या चुंबकत्वाचें माप १९३३ पासून व न्यूट्रॉनच्या चुंबकत्वाचें १९४० पासून हातीं आलें होतें. दोघांमधील बल किती अंतरावर कसें चालतें, हेंहि एकमेकांवरील आघातांच्या प्रयोगांवरून बरेंच कळलें होतें. गणिताची साधनसामग्री पुरी झाली. गणितानें उत्तर दिलें: सुमारें ३०२ मिलिबार्न. इकडे माप घेणाऱ्यांनीं आपलीं उपकरणें घांसूनपुसून सूक्ष्म करीत आणलीं. १९६५ सालीं कॉक्स, विंचँक आणि कॉली यांनीं प्रसिद्ध केलेलें माप होतें ३३४.२ मिलिबार्न, आणि त्यांतील संभाव्य दोष अवघा अर्धा मिलिबार्न! म्हणजे माप गणितापेक्षां सुमारें दहा टक्क्यांनीं जास्त.

दहा टक्के म्हणजे काय मोठेंसें, असें कोणास वाटेल. माझा विद्यार्थी तर चारच टक्क्यांनीं चुकला होता. पण श्रोतेहो, येथें कण दोनच. दोघांचेंहि चुंबकत्व तोललेलें, बल पारखलेलें. दोन रकमांची बेरीज दहा टक्क्यांनीं चुकत असेल, तर हिशेबांत एखादी तिसरी रक्कम मांडावयाची राहिली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बल-सूत्रांतील एखादा आंकडा इकडचा तिकडे करून मेळ घालणें अवघड होतें. कारण तेच आंकडे दुसऱ्या प्रयोगांनीं जागच्या जागीं बांधून टाकले होते. कोणीं मापांत फेरफार केला नाहीं, कोणीं गणित ताणलें नाहीं. वर्षानुवर्षें ही तूट ग्रंथांतून उघड उघड मांडलेली राहिली.

तिसरी रक्कम कोणती, याचें बीज फार पूर्वींच पेरलेलें होतें. जपानच्या हिदेकी युकावा यांनीं १९३५ सालीं असें मत मांडलें कीं, अणुगर्भांतील कण एका मध्यम वजनाच्या कणाची आपसांत देवघेव करतात आणि त्या देवघेवीमुळेंच ते एकमेकांस धरून राहतात. या मध्यम कणाला मेसॉन हें सुटसुटीत नांव असावें, असें १९३९ सालीं सुचविणारे गृहस्थ आपल्या मुंबईचे डॉ. होमी भाभा होत. युकावांचा कण ब्रिस्टल येथें पॉवेल यांच्या मंडळींना १९४७ सालीं प्रत्यक्ष सांपडला. त्याला आज पायॉन म्हणतात.

आतां आपण गणितींची चूक पाहूं. समजा, एका गल्लींत समोरासमोर दोन घरें आहेत, आणि विरजणाची वाटी, चमचाभर साखर अशी देवघेव त्यांत सतत चालते. ती वाटी घेऊन एक पोर या घरांतून त्या घरांत धांवत असतें. खानेसुमारीचा कारकून येतो. पहिल्या घरांतील माणसें मोजतो, दुसऱ्या घरांतील मोजतो, आणि बेरीज करून निघून जातो. नेमकें त्या वेळीं गल्लींत असलेलें पोर कोणत्याच घरांत मोजलें जात नाहीं! गणितींचें तसेंच झालें होतें. त्यांनीं प्रोटॉनचें चुंबकत्व धरलें, न्यूट्रॉनचें धरलें. पण दोहोंमध्यें जो विद्युत्-भारित पायॉन ये-जा करतो, त्याच्या धांवण्यामुळें एक विद्युत्-प्रवाह उत्पन्न होतो आणि प्रवाह म्हटला कीं चुंबकत्व आलेंच, हें हिशेबांत पुरतें धरलें नव्हतें. व्हिलार्स यांनीं १९४७ सालींच तीन कणांच्या गर्भांविषयीं बोलतांना या देवघेवीच्या प्रवाहाचा विचार केला होता. पण चोख उत्तर निघण्यास आणखी पंचवीस वर्षें लागलीं. १९७२ सालीं फिनलंडचे डान-ओलोफ रिस्का आणि अमेरिकेचे जेराल्ड ब्राउन यांनीं तो प्रवाह गणितांत घातला, आणि दहा टक्क्यांची तूट जवळजवळ पुरी भरून निघाली. फ्रान्समधील साक्ले येथें १९८० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉनांचा मारा करून ड्यूटेरॉन फोडण्याचे जे प्रयोग झाले, त्यांनीं तर हा प्रवाह इतका ठळक दाखविला कीं संशयाला जागा उरली नाहीं.

अर्थात् त्या दहा टक्क्यांत एक सबंध सत्य दडून बसलें होतें. अणुगर्भांतील कण म्हणजे गोणींत भरलेलीं निर्जीव कवड्या नव्हेत. त्यांच्यामधली देवघेव ही त्यांच्याइतकीच खरी वस्तु आहे, हें त्या तुटीनें शिकविलें.

याच शोधाची पुढची एक पायरी मुंबईंत घडली, तीहि सांगतों. आठ कणांचा बेरिलियम-८ हा गर्भ मोठा विचित्र. जन्मतांच एका सेकंदाच्या कोट्यवधि कोटि भागांत तो फुटतो आणि त्याचे हेलियमचे दोन गर्भ होतात. हे दोन गर्भ आंतहि वेगवेगळे राहून, व्यायामाच्या डंबेलप्रमाणें, एकमेकांभोंवतीं फिरत असावेत अशी फार दिवसांची कल्पना. त्याच्या वरच्या दोन पायऱ्या ३ आणि ११.४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर आहेत, आणि फिरत्या डंबेलाला जशा पायऱ्या असाव्या तशाच त्या साधारणपणें आहेत. परंतु सबळ पुरावा म्हणजे वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतांना सुटणारा गॅमा किरण. अडचण एवढीच कीं, वरच्या पायरीवरचा गर्भ दहा कोटींत सुमारें दहा वेळांच गॅमा किरण टाकतो. बाकी सर्व वेळां नुसता फुटून जातो. धान्याच्या राशींतून एक विशिष्ट दाणा वेंचण्यासारखें हें काम.

कुलाबा येथें टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारांत भाभा अणुसंशोधन केंद्र व ती संस्था यांचें पेलेट्रॉन नांवाचें संयुक्त यंत्र १९८८ पासून आहे. त्यावर विवेक दातार व त्यांचे सहकारी यांनीं हेलियम वायूवर हेलियमच्याच गर्भांचा मारा केला, आणि गॅमा किरण व त्याच क्षणीं निघालेले हेलियमचे दोन गर्भ अशी तिहेरी साक्ष जुळेल तेवढ्याच घटना मोजल्या. २००५ सालीं त्यांनीं या संक्रमणाचें पहिलें प्रत्यक्ष दर्शन प्रसिद्ध केलें. परंतु मापांतील संभाव्य दोष मोठा होता; निरनिराळ्या सिद्धांतांत निवाडा करण्यास तें पुरेसें नव्हतें. त्यांनीं तें तसेंच कबूल केलें, आणि पुन्हां सर्व खटाटोप करून २०१३ सालीं सुमारें तिप्पट अचूक माप दिलें. रूढ परिमाणांत तें बल २१ भरलें, दोष २.३ इतका कमी-अधिक.

सिद्धांताच्या बाजूसहि एक आपला माणूस होता. नागपूर येथें १९४० सालीं जन्मलेले विजय पांढरीपांडे अमेरिकेंत अर्बाना येथें प्राध्यापक होते. ते आणि अरगॉन प्रयोगशाळेंतील वायरिंगा, पीपर प्रभृति मंडळी यांनीं डंबेलाची कल्पना आधीं गृहीत न धरतां, केवळ प्रोटॉन-न्यूट्रॉन आणि त्यांचीं परस्पर-बलें एवढ्यावरून यंत्रगणकाच्या साह्यानें आठ कणांचा गर्भ उभा केला. तेथेंहि दोन दोन कणांमधील बलें धरून भागत नाहीं. तीन कण एकत्र आले म्हणजे उत्पन्न होणारें वेगळें बलहि धरावें लागतें. त्यावांचून तीन कणांच्या ट्रिटियम गर्भाचें बंधन सुद्धां ८.४८ ऐवजीं सुमारें ७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच भरतें. पुन्हां तीच दहा टक्क्यांची तूट आणि पुन्हां तीच विसरलेली तिसरी रक्कम! २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गणितांत बेरिलियम-८ चे दोन गोळे आपोआप वेगळे दिसूं लागले. मुंबईच्या मापाशीं या पद्धतीचें उत्तर ताडून पाहतां तें जवळ आलें, पण मापापेक्षां कांहींसें वर राहिलें. पांढरीपांडे २००६ सालीं निवर्तले. तें माप पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. उरलेलें अंतर दोन्ही बाजूंच्या मंडळींनीं एकाच निबंधांत, एकमेकांशेजारीं, झांकून न ठेवतां छापलें आहे.

सज्जनहो, आतां माझ्या त्या विद्यार्थ्याकडे वळतों. ज्या दिवशीं त्यानें मला तें सांगितलें, त्याच दिवशीं आम्ही दोघांनीं त्याच्या ९४३ चा हिशेब पुन्हां मांडला. दोऱ्याची लांबी ४८ सेंटिमीटर, असें त्याला चांगलें आठवत होतें. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजावी लागते. त्यानें ती गांठीपर्यंतच मोजली होती. गोळ्याची अर्धी जाडी दोन सेंटिमीटर. ४८ च्या जागीं ५० घालतांच उत्तर आलें ९८२! त्याचें माप खरें होतें. हिशेबांत एक वस्तु धरावयाची राहिली होती, इतकेंच. त्या वेळीं लाल रेघ ओढण्याऐवजीं मीं त्याच्याजवळ बसून, "हे ३७ कोठें गेले, तें आपण शोधूं या," असें म्हटलें असतें, तर लंबकाचा मध्य कोठें असतो हें तो मुलगा जन्मांत विसरला नसता, आणि पुस्तक पाहून आंकडा लिहिण्याची विद्या माझ्या वर्गांत शिकला नसता.

माझ्या हातून ती संधि गेली. परंतु जे शिक्षक अजून वर्गावर आहेत, त्यांच्या टेबलावर उद्यां एखादी वही येईल आणि तींत पुस्तकाशीं न जुळणारा एक आंकडा असेल. त्यांना माझी हात जोडून विनंति आहे कीं, लाल शाईची लेखणी उचलण्यापूर्वीं त्यांनीं त्या मुलाला एकच प्रश्न विचारावा, "बाळ, तूं हें कसें मोजलेंस?"